रिंगणाची माती

आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. म्हणजे ही सगळी वाट चंद्राच्या हिशोबाने चालते. निघताना मध्यरात्री उगवणारा अर्धा चंद्र, मग रोज बारीक होत जाणारी कोर, नीरा-लोणंदच्या आसपास अमावास्या, आणि माळशिरसकडे सरकेपर्यंत संध्याकाळी डोक्यावर पुन्हा अर्धा चंद्र. एरवी वर्षभर मी तारखांवर जगतो, तिथी विचारायला कॅलेंडर उलटावं लागतं. वाटेला लागलं की आज काय तिथी, हे वर पाहून कळायला लागतं. ढग नसले तर.

आपण आहोत म्हणजे नेमकं काय, आणि एवढ्या अफाट विश्वाशी आपलं नातं काय, हा प्रश्न मला फार जुना लागलेला आहे. खगोलाची पुस्तकं वाचली, आकडे पाठ झाले. आपल्या एका आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे, आणि अशा आकाशगंगा अगणित. हे सांगून झालं की बहुतेक लेखक एकच वाक्य लिहितात, की माणूस किती क्षुद्र आहे पाहा. ते वाक्य मला कधीच पटलं नाही. का पटत नाही, हे मात्र घरात बसून सांगता यायचं नाही. ते वाटेवर उलगडत गेलं, आणि तेही हळूहळू.

दिवे घाट चढताना उजवी-डावीकडे डोंगराचे आडवे थर दिसतात. वरपासून खालपर्यंत पायऱ्या घातल्यासारखे. प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एक ओघ, एकावर एक येऊन थिजलेला. हे सगळं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया श्वास न मोडता अभंग म्हणत चढतात, आणि सगळ्यांच्या पायाखाली तो काळा दगड. सूर्य आपल्याला, पृथ्वीला, सगळ्या ग्रहांना घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो. त्याच्या एका फेरीला बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात. घाटाचा हा दगड थिजला तेव्हापासून सूर्याची एक प्रदक्षिणाही पुरी झालेली नाही, जेमतेम तिसरा हिस्सा झालाय. हे मला घाटाच्या मधल्या वळणावर सुचलं आणि मी थांबलो. मागून आवाज आला, "चला माउली, वाट अडवू नका." चाललो.

लोणंदची समाजआरती मला फार आवडते. पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळं गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग हरवल्या-सापडल्याची माहिती पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची आई. एवढ्या अफाट समूहात एका चष्म्याची नोंद घेतली जाते, हे मला दर वेळी नव्याने जाणवतं. गर्दी मोठी असली म्हणून त्यातलं एकेक माणूस छोटं होत नाही.

फलटणकडचा टापू पर्जन्यछायेतला. दिवे घाटात भिजवणारे ढग इथे फाटतात. तरडगावच्या मुक्कामी रात्री जेवणं झाली, जनरेटर बंद झाले आणि राहुट्यांच्या पलीकडच्या रानात आकाश उघडलं. अमावास्या नुकतीच सरली होती, कोर कधीच मावळली होती. दक्षिणेला अख्खा वृश्चिक, त्याची वाकडी नांगी, आणि नांगीच्या शेजारून वर चढणारा आकाशगंगेचा पट्टा. मूळ नक्षत्राच्या पुढे, धनु राशीच्या दिशेला आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे, सुमारे 26,000 प्रकाशवर्षं दूर. आषाढाची पौर्णिमा ज्या पूर्वाषाढा-उत्तराषाढांजवळ होते, तीही त्याच बाजूला. वारीचा महिना त्या दिशेने जातो हे माहीत होतं, पण एवढ्या काळोखात ते कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या दिंडीतले एक आबा शेजारी येऊन उभे राहिले. शेतकरी माणूस, पेरणी उरकून आलेले.

"काय बघताय माउली, वर?"

"आबा, तो तांबडा तारा दिसतोय का? ज्येष्ठा. त्याचा आत्ता दिसतोय तो उजेड सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी निघालाय."

आबांनी जरा विचार केला. "म्हंजी नाथमहाराजांच्या आदी."

"हो. नामदेव होऊन गेले होते, नाथ जन्मायचे होते."

"मग आता त्यो तिथं हाय का न्हाई?"

मी म्हणालो, असणार. पण म्हातारा तारा आहे, कधीतरी फुटणार आहे. आज फुटला असला तरी आपल्याला साडेपाचशे वर्षांनी कळेल. आबा वर पाहत राहिले. "कळंना म्हून न्हाई, असं नसतंय," म्हणाले आणि झोपायला गेले.

मी बराच वेळ तिथेच होतो. आबांच्या बोलण्यात दोन गोष्टी सुट्या झाल्या होत्या ज्या मी कायम एकत्र धरत होतो: एक, काय आहे, आणि दुसरी, मला काय ठाऊक आहे. विश्वाच्या अफाटपणाने माणूस दबतो, कारण आपल्याला कळलेलं किती थोडं हे तो मोजतो आणि तेच माप आपल्या असण्याला लावतो. कळणं थोडं असेल. असणं थोडं नाही. जेवढा ज्येष्ठा आहे तेवढेच आबा आहेत. 'आहे' मध्ये कमी-जास्त होत नाही.

पुढे पुरंदवड्याला गोल रिंगण. मैदानाच्या मध्ये पालखी, भोवती दिंड्या, त्यांच्या भोवती अश्वांची वाट आणि बाहेर माणसांचा दाट वेढा. आधी पताका घेतलेले पळाले, मग तुळशीवाल्या, वीणेकरी. मग अश्व सुटले. पुढे स्वाराचा, मागून माउलींचा, ज्याच्यावर कुणी बसत नाही. दोन फेऱ्या डोळ्यांत भरेपर्यंत संपल्या आणि सगळं मैदान त्या वाटेवर वाकलं. टापांखालची माती उचलून कपाळाला लावायची असते.

मीही चिमूट घेतली. करडी, अर्धवट ओली, बोटांना चिकटणारी. त्यात कुठलातरी बारीक काळा कण होता, चमकणारा. हाही त्याच लाव्ह्याचा झिजलेला दगड. या दगडात वजनाने निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन असतो, बाकी सिलिकॉन, लोह, कॅल्शियम वगैरे. माझ्या शरीरातही वजनाने सुमारे 65 टक्के ऑक्सिजन. आणि ऑक्सिजन तयार होतो तो ज्येष्ठासारख्या भारी ताऱ्यांच्या पोटात. तारा फुटतो तेव्हा तो अवकाशात उधळला जातो. सूर्य आणि पृथ्वी घडून सुमारे 460 कोटी वर्षं झाली, त्याच्याही आधी मेलेल्या ताऱ्यांचं हे देणं. घामातल्या पाण्यातला हायड्रोजन तर त्याहून जुना, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत त्याचे अणुकेंद्र घडले, सुमारे 1,380 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे मी कपाळाला जे लावत होतो आणि ज्या कपाळाला लावत होतो, त्या दोन्हींचं कूळ एकच.

हे मी आधी अनेकदा वाचलेलं होतं. वाचताना "वा" म्हणून पान उलटत होतो. इथे हाताला माती होती, शेजारी एक मावशी तीच माती नातीच्या कपाळाला लावत होत्या, आणि पान उलटायला जागाच नव्हती. क्षुद्रपणाचं ते वाक्य का पटत नाही, ते मला तिथे कळलं. स्वतःच्या लहानपणाचं दुःख व्हायला माणसाने विश्वाच्या बाहेर उभं राहून त्याच्याकडे पाहायला हवं. तशी बाहेर जागाच नाही. रिंगण पाहायला आलेली माणसं कड धरून उभी राहतात म्हणून रिंगण होतं. ती काढून घेतली तर नुसतं मैदान उरेल.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. "संतांना हे विज्ञान आधीच ठाऊक होतं" असं वारीत, आणि हल्ली मोबाइलवर, फार ऐकू येतं. मला ते अजिबात मान्य नाही. त्यात विज्ञानाचाही अपमान आहे, कारण एकेका आकड्यामागे पिढ्यांची मेहनत आहे, आणि संतांचाही, कारण त्यांचा प्रश्नच वेगळा होता. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात ज्ञानदेव अज्ञानाचं खंडन करतात. जग अज्ञानामुळे भासतं, ज्ञान झालं की ते मावळतं, या मताला ते विचारतात की ते अज्ञान आहे तरी कुठे, त्याला प्रमाण काय? त्यांच्या लेखी हे दिसणारं जग खोटं नाही, कशावर तरी पडलेलं पांघरूणही नाही. तो एका चैतन्याचाच विलास आहे, आणि पाहणारा व दिसणारं ही दोन नाहीत. यात ताऱ्यांच्या पोटात काय शिजतं याची माहिती नाही. ती असायची गरजही नाही.

खगोलशास्त्र मला सांगतं की माती आणि मी एकाच द्रव्याचे. पण त्या द्रव्याला टाच दुखतेय हे कळतं कसं, "त्यो तिथं हाय का न्हाई" हा प्रश्न त्याला पडतो कसा, हे त्या आकड्यांच्या साखळीत अजून कुठे बसत नाही. ज्ञानदेव बरोबर उलट्या टोकाने येतात. जाणणं हेच आधी धरतात आणि जग त्याचं स्फुरण म्हणून पाहतात. ही दोन टोकं जुळतात की नाही, वेळापूरकडे जाताना मी याच विचारात होतो. जुळवायची घाई मी केली नाही. दोन्ही सोबत घेऊन चालता येतं, चालण्याचा तोच मोठा गुण आहे. बसून विचार केला की माणूस एक काहीतरी निवडायला बघतो. आणि मग उताराशी आल्यावर धावा सुरू झाला, सगळे पळत सुटले, मीही पळालो, आणि विचार मागे राहिला.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. त्यापुढे आपण चालतो असं म्हणण्यात अर्थ नसतो, गर्दी नेते. एकादशीला दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत गेलेली. आबांनी नामदेव पायरीवर डोकं टेकलं, कळसाला हात जोडले आणि झालं म्हणाले. गावाकडून फोन आला होता, पीक उगवून वर आलंय, कोळपणीला माणूस नाही. संध्याकाळच्या एसटीने ते निघणार होते.

निघताना त्यांनी खिशातून एक कागद काढला. "त्यो तारा ल्हून द्या. नातवाला दावायचाय."

मी लिहिलं: ज्येष्ठा. रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, तांबूस. आज एकादशी, चंद्र त्याच्या आसपासच आहे, ढग गेले तर आजच सापडेल. आश्विन लागेपर्यंत संध्याकाळी दिसेल, पण हळूहळू पश्चिमेला उतरत जाईल. आबांनी कागद वाचून घेतला आणि विचारलं, कार्तिकीला येईन तेव्हा दिसंल का? तेव्हा तो सूर्याच्या इतका जवळ जातो की शोधून सापडत नाही, पौषात पहाटे पूर्वेला पाहा, असं मी खाली आणखी एका ओळीत लिहून दिलं.