घोरपडीची वही : बांडी आणि दुसरी

एप्रिलात द्राक्षांची खरड छाटणी सुरू झाली आणि वही मागे पडली. आता तीन महिन्यांचं एकदम लिहितोय. आधी चूक कबूल करतो.

आमच्या बांधावरच्या घोरपडीच्या शेपटाचं टोक तुटलंय, चांगलं वीतभर; म्हणून ती बांडी. १४ मेला तिच्याच बिळाच्या तोंडाशी पाहतो तर शेपूट अखंड! मी खुशाल लिहून टाकलं, 'शेपूट परत आलं.' डोक्यात घरातली पाल. पण घोरपड पालीसारखं शेपूट टाकत नाही आणि तुटलं तर नवं फुटतही नाही. म्हणजे जनावरं दोन आहेत. फेब्रुवारीपासून 'ती' म्हणून लिहिलेल्या नोंदी कुठल्या कुणाच्या, देव जाणे. सगळ्यांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह टाकलं.

२ जून. रात्री वळवाचा पाऊस. सकाळी ८.२० ला बांडी काळ्या दगडावर पोट पसरून पडलेली. पंचवीस मिनिटं हलली नाही. मग उठून झुलत झुलत थेट शेणखताच्या ढिगाकडे. दुभंगलेली जीभ दोन-चारदा आतबाहेर, एका जागी थांबली आणि पुढच्या नखांनी उकरायला लागली. अंगठ्याएवढी पांढरी हुमणी अळी निघाली. मान वर करून गट्टम. अशा सात मोजल्या. फवारणीचा खर्च वाचवणारा एवढा मन लावून काम करणारा गडी मला अजून मिळालेला नाही.

तेवढ्यात सालदार ओरडला, "दादा, लांब व्हा! चंदन घोरपड हाय, फुंकली तर माणूस जातो." गळा फुगवून फुसकारते खरी, पण त्या फुंकरीत विष नसतं. तो हसला, पटलं मात्र नाही.

ओडिशातल्या भितरकनिकाचे फोटो पाठवणाऱ्या मित्रासाठी: तुमची पाणघोरपड आहे. तिची नाकपुडी गोलसर आणि तोंडाच्या टोकाजवळ असते. आमच्या घोरपडीची तिरकी फट, टोकापासून बरीच मागे.

जागा विचारणाऱ्यांना नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या खालचा पट्टा, एवढंच सांगेन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी नराचं जननेंद्रिय वाळवून 'हत्थाजोडी' नावाची मुळी म्हणून विकणारे आहेतच.

कालपासून वारुळाच्या पायथ्याशी ताजी माती दिसतेय. पावसाळ्यात मादी अंडी घालायला वारूळही उकरते. बांडी नर की मादी, हे मला बाहेरून ओळखता येत नाही. तूर्त वारुळाकडे कुदळ न्यायची नाही, असं सालदाराला बजावलंय. ते मात्र त्याला लगेच पटलं.