थोरल्या आईचं नाव: वंशावळीची नोंदवही, महिना अकरावा

मागच्या नोंदीनंतर तीन महिने गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं. आता लागलंय, आणि गोंधळ वाढलाय. आधी हिशेब. तक्त्यात आजच्या घडीला १४३ नावं, सहा पिढ्या. त्यात बायका ५१. त्या ५१ पैकी माहेरचं आडनाव माहीत आहे अशा फक्त १३. हा शेवटचा आकडा तुमच्या तक्त्यातही मोजून बघा. मोजेपर्यंत मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

नवे लोक विचारतात की हे खूळ कुठून शिरलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी आई गेली. बाराव्या दिवशी सपिंडी. पुरुष गेला तर त्याचा पिंड बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. बाई गेली तर तिच्या सासू, आजेसासू, पणजेसासूच्या पिंडांत. मी बोटात दर्भाचं पवित्रक घालून बसलेलो, शेजारी पाटावर वडील. गुरुजींनी नावं विचारायला सुरुवात केली. सासूचं नाव, म्हणजे माझ्या आजीचं, वडिलांनी पटकन सांगितलं. मग आजेसासूचं. म्हणजे वडिलांची स्वतःची आजी, जिच्या मांडीवर ते वाढले. वडील थांबले.

"थोरली आई म्हणायचो आम्ही."

"हो, पण नाव?"

"थोरली आईच."

गुरुजींनी क्षणभर वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "आठवत नसेल तर गंगा म्हणा." पुढची यमुना झाली. विधी पार पडला, पानं वाढली. पण आईला ज्यांच्या हवाली केलं त्यांची नावं आपण नद्यांकडून उसनी घेतली, हे जेवताना घशाखाली उतरेना. वडील त्या दिवशी भात न कालवता उठले. त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर माझी सुरुवात ही. पूर्वजांचा अभिमान वगैरे काही नव्हता, सरळ लाज होती.

वंशावळ शोधणाऱ्यांचा आमचा कट्टा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठाण्यात जमतो, अकरा जण. गेल्या खेपेला मी सगळ्यांना विचारलं, तुमचं कशानं सुरू झालं? मला वाटलं होतं, आजी गोष्टी सांगायची असं काहीतरी ऐकायला मिळेल. तसं एकानंही सांगितलं नाही. चौघं तर निव्वळ दाखल्यापायी आले. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ चा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० चा. या तीन तारखांनी महाराष्ट्रात जेवढ्या ट्रंका उघडायला लावल्या, तेवढ्या इतिहासप्रेमानं उघडल्या असतील असं मला वाटत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर मोडी वाचणाऱ्याला गावोगाव जेवायला घालून बसवून घेत होते. त्या चौघांपैकी तिघं काम झाल्यावर थांबले असते तर नवल नव्हतं. पण एकाला पणज्याच्या नावापुढे 'बिन' (म्हणजे 'चा मुलगा') आणि अजून एक अनोळखी नाव दिसलं, आणि तो आता रोज रात्री मोडीची बाराखडी गिरवतो.

एक काकू डॉक्टरांमुळे आल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आजोबा कशानं गेले तेच ठाऊक नाही. घरात फक्त 'पोटानं गेले' एवढंच म्हणत. एकाला मुलीचं लग्न जमवताना देवक विचारलं गेलं आणि दोन चुलत्यांनी दोन वेगळी देवकं सांगितली. एकाचे आजोबा गिरणीत होते. म्हाडाच्या घरासाठी गिरणीचा पास, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड असे कागद शोधताना आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं. आणि एकजण 'आम्ही सरदार घराण्यातले' म्हणून आले. त्यांना पहिल्याच दिवशी पुण्याला पेशवे दफ्तरातच जायचं होतं. जावं की. पण मधल्या दीडशे वर्षांतली पाच माणसं कोण, हे माहीत नसताना दफ्तरातल्या रुमालात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, सापडलेला सरदार आपलाच कशावरून? हे मी त्यांना सौम्यपणे विचारलं. ते अजून येतात, पण माझ्या शेजारी बसत नाहीत.

यावरून माझं एक मत झालंय, पटलं तर घ्या. सुरुवात जिथून होते, तिथलंच आपल्याला दिसत राहतं. दाखल्यासाठी निघालेला माणूस बापाकडून बापाकडे चढतो, कारण दाखल्याला तेवढंच लागतं. त्याच्या तक्त्यात बायका नसतात, आणि नाहीत हे त्याला जाणवतही नाही. मी एका बाईच्या नावापासून निघालो, म्हणून पहिल्याच महिन्यात भिंतीवर आपटलो.

आता कामाचं.

आमचं मूळ गाव शिराळा तालुक्यातलं. पहिले दोन महिने मी 'जिल्हा सांगली, तालुका शिराळा' असं धरून जुन्या याद्या चाळत बसलो आणि काही सापडेना. चूक माझीच. सांगली हा जिल्हा म्हणून नवा. १९४९ साली झाला तो 'दक्षिण सातारा', सांगली हे नाव १९६० मध्ये आलं. त्याआधी आम्ही सरळ सातारा जिल्ह्यात, आणि शिराळा हा वाळवा तालुक्यातला पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटभाग. म्हणजे शोधायचं 'जि. सातारा, ता. वाळवा, पेटा शिराळा' असं. नव्यांनी हे पहिल्या पानावर लिहून ठेवावं: आपलं गाव हललेलं नसतं, पण त्याच्या डोक्यावरचा जिल्हा हललेला असतो.

शाळेचं जनरल रजिस्टर हे मला वाटलं होतं तेवढं कामाचं निघालं नाही. आजोबांची जन्मतारीख १ जून. रजिस्टरात त्यांच्या वरच्या ओळीतल्या मुलाची १ जून. खालच्या ओळीतल्याची १ जून. मास्तरांनी निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्माला घातलाय. आईच्या नावाचा रकानाच नव्हता.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणारी नोंद. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याच्या पुढचे फेरफार बऱ्याच गावांत मिळू शकतात. पण जमिनीच्या कागदात बाई येते कधी? नवरा जिवंत असेपर्यंत तिचं काही कारण नसतं. तो मेला आणि मुलं लहान असली, किंवा मुलगाच नसला, तर ती दिसते. मुलगे असताना मुलींची नावं वारसात यायला १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. म्हणजे माझ्या पणजोबांना बहिणी होत्या की नव्हत्या, हे जमिनीचे कागद मला कधीच सांगणार नाहीत.

इथे एक युक्ती सांगतो, जी मला चुकून सापडली. आजोबा गेल्यावर, १९७९ साली, आत्यांनी हक्कसोड करून दिली होती. चारही आत्यांची सासरची नावं, नवऱ्यांची नावं, गावं, सगळं त्या एका कागदावर ओळीनं. ज्या कागदानं त्यांचा जमिनीशी संबंध संपला, त्याच कागदानं त्या माझ्या तक्त्यात आल्या. धाकट्या आत्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "साडी दिली होती रे त्या दिवशी. हिरवी." हक्कसोडपत्रं शोधा. बायकांसाठी याच्याइतका भरलेला कागद मला दुसरा दिसला नाही.

पणजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार मिळायला पाच महिने गेले. त्यातला बराचसा वेळ रांगेत आणि 'पुढच्या आठवड्यात या' यात गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नक्कल हातात आली १९२७ ची, मोडीत. मी मोडी वाचतो असं म्हणणं धाडसाचं आहे. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. दोन शब्दांत जागा नाही, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याचं बंधन नाही. कट्ट्यावरच्या मोडीवाल्यानं आणि मी मिळून चार ओळींना अडीच तास लावले. आशय असा: खातेदार मयत, वारस मुलगे दोन, अज्ञान, अ. पा. क. आई रखमा भ्र. आणि पुढे पणजोबांचं नाव.

ज्यांना ही आद्याक्षरं नवी आहेत त्यांच्यासाठी: अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अल्पवयीन मुलांचा सांभाळ करणारा. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. कुठे 'कोम' असतं, तेही 'ची बायको' याच अर्थानं. सातबाऱ्यावर ए. कु. मॅ. दिसलं तर घाबरू नका, ते एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाला सरकारनं मॅनेजर केलं होतं, एवढंच.

रखमा. मी त्या रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "असेल." एवढंच. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील.

इथे ही नोंद संपली असती तर बरं झालं असतं. पण फेब्रुवारीत नाशिकला एका लग्नाला गेलो होतो, आणि मंडपात बसण्यापेक्षा रामकुंडावर गेलो. आजोबा गिरणीत होते, मुंबईहून नाशिक जवळ. घरात कोणी गेलं की अस्थी ते तिथेच आणत, हे वडिलांना पक्कं आठवत होतं. तीर्थपुरोहितांचे यजमान जिल्ह्या-गावांनुसार, आडनावांनुसार वाटलेले असतात. घाटावर आडनाव आणि गाव सांगितलं की आपले उपाध्ये कोण ते कुणीतरी सांगतं. 'सांगली' म्हटल्यावर एकानं मान हलवली, 'जुना सातारा' म्हटल्यावर दुसऱ्यानं बोट दाखवलं. पुन्हा तोच धडा.

उपाध्ये यजमानांच्या नोंदींची वही ठेवतात. त्या वहीत १९५३ सालची नोंद. आजोबांच्या स्वतःच्या हातची, बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरात. त्यांचं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. चौथी शिकलेला माणूस, पण 'श्री' काय काढलाय. आधी भावाचं, मग मुलांची नावं, त्यात सात वर्षांचे माझे वडील. आणि खाली: मातुश्री सगुणाबाई यांच्या अस्थी घेऊन आलो.

सगुणाबाई. रखमा नव्हे.

गुरुजींनी पान उलटू का विचारलं तेव्हा मी बराच वेळ हो म्हणालो नाही. फोटो काढायची परवानगी त्यांनी दिली, दक्षिणा मागितली नाही. माझी नोंद मात्र करून घेतली. आता त्या वहीत मीही आहे, आणि आईच्या नावापुढे मी तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, गाव असं सगळं लिहून आलोय. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, पण जागा दिली.

आता शक्यता. पहिली आणि सोपी: लग्नात नाव बदललं. माहेरची रखमा, सासरची सगुणा, किंवा उलट. पण मग सरकारी कागदात एक आणि घरच्या माणसाच्या तोंडी दुसरं, हे १९२७ मध्ये कितपत चालत असेल? तलाठ्यानं गावकऱ्यांनी सांगितलं तेच लिहिलं असणार. दुसरी शक्यता कट्ट्यावरच्या काकूंनी काढली, आणि मला ती सुचली नाही याचा मला राग आला. त्या म्हणाल्या, "थोरली आई म्हणायचे ना? मग धाकटी कुठे आहे?"

अकरा महिने मी तो शब्द वापरतोय. आजीला आदरानं थोरली आई म्हणतात, म्हणून मी तो तसाच सोडून दिला होता. पण पणजोबांना दोन बायका असतील तर सगळं बसतं. धाकटी रखमा, आजोबांची जन्मदाती, १९२७ मध्ये पालन करणारी. ती मध्येच कधीतरी गेली. थोरली सगुणा, सवत, हिनं पोरं वाढवली आणि १९५३ पर्यंत टिकली. आजोबांनी वहीत सावत्र वगैरे न लिहिता मातुश्री लिहिलं. बसतं म्हणून खरं असं नाही, हे मीच तुम्हाला दर महिन्याला सांगत असतो. म्हणून ग्रॅम्प्समध्ये, म्हणजे वंशावळीच्या संगणक प्रणालीत, सध्या दोन्ही नावं एकाच चौकोनात घातलीत, एक मुख्य आणि एक पर्यायी, आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

पुढची दिशा: गावचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, १९२७ ते १९४०, रखमा नावाचा मृत्यू. आजोबांच्या धाकट्या भावाची जन्मनोंद, त्यात आईचं नाव असण्याची थोडी आशा. आणि पणजोबांच्या सासुरवाडीचं गाव, एक असेल तर एक, दोन असतील तर दोन.

हे सगळं रविवारी वडिलांना समजावून सांगितलं, कागद पसरून. त्यांनी सगळं ऐकलं, दोन बायकांचं ऐकून हसले. मग स्वतःच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, "इथं गोंदलेलं होतं तिच्या. नाव. हिरवं. मी मांडीवर बसून अक्षरं मोजायचो."

"काय नाव?"

"वाचता कुठं येत होतं मला तेव्हा. तीन होती एवढं माहिताय."

मी कागदावर दोन्ही नावं लिहिली आणि पेन्सिलीनं मोजली. रखमा, तीन. सगुणा, तीन.