ट्रॉलीच्या चेसिसला वेल्डिंग करण्याआधी अर्थिंगचा चिमटा पाहा

ट्रॉलीची चेसिस वेल्डिंग करताना पाहणाऱ्यांचे आणि करणाऱ्याचेही सारे लक्ष रॉडच्या टोकाकडे असते. टाका कसा पडला, खपली (टाक्यावर जमणारा मळीचा थर) कशी निघाली, यावरून काम चांगले की वाईट हे ठरवले जाते. माझे मत असे आहे की वेल्डिंगमुळे ट्रॉलीचे जे नुकसान होते ते बहुधा टाक्यापाशी होतच नाही. ते चार-पाच फूट दूर, हबच्या (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाच्या) आत किंवा वायरिंगमध्ये होते, आणि महिनाभराने उघडकीस येते.

यवतमाळकडच्या आमच्या गावांत दिवाळीच्या आधी हे काम फार येते. वर्षभर मुरूम, विटा आणि शेणखत वाहून ट्रॉलीच्या दांडीच्या मुळाशी किंवा पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांच्या) हँगरजवळ मुख्य चॅनेलला (चेसिसच्या लांब लोखंडी तुळईला) तडा गेलेला असतो, आणि कापूस जिनिंगला न्यायचा म्हणून प्रत्येकाला ट्रॉली त्याच दिवशी हवी असते. त्या घाईत ट्रॅक्टर जोडलेला ठेवूनच काम सुरू होते. ट्रॅक्टर सोडा म्हटले की शेतकरी हमखास म्हणतात, "भाऊ, दोन टाके त मारायचे आहेत, त्याले ट्रॅक्टर कायले सोडता?" पण दोन टाक्यांनाही मशीन शंभर-सव्वाशे अँपिअर करंट ओढते, आणि हुक, साखळी, लाइटची पिन व हायड्रोलिक पाइपची जोडणी या वाटांनी ट्रॅक्टर त्या करंटच्या मार्गात येऊ शकतो. त्यात बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. 1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे प्रदूषणाचे मानक लागू झाले, आणि त्यानंतरच्या अशा ट्रॅक्टरांत डिझेलचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक युनिटकडे असते. ते युनिट बिघडले तर गावात कोणालाही दुरुस्त करता येत नाही. म्हणून पिन काढावी, लाइटचा प्लग व पाइप सोडवावेत आणि ट्रॅक्टर दूर नेऊन उभा करावा. काम ट्रॅक्टरवरच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.

आता अर्थिंगच्या चिमट्याविषयी, म्हणजे मशीनची परतीची वायर लोखंडाला पकडवणाऱ्या चिमट्याविषयी, सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त हयगय तिथेच होते. रॉडमधून गेलेला करंट चिमट्यातून मशीनकडे परत यावाच लागतो, आणि तो कोणत्या वाटेने येईल हे चिमट्याच्या जागेवर अवलंबून असते. सोयीचे म्हणून चिमटा चाकाच्या डिस्कला लावला आणि टाका चॅनेलवर मारला, तर करंट पाट्यांतून एक्सलमध्ये, एक्सलमधून हबच्या बेअरिंगमध्ये आणि तिथून डिस्कमध्ये जातो. बेअरिंगचे रोलर आणि कप (बाहेरचे कडे) एकमेकांना अगदी अरुंद रेषेत टेकलेले असतात व मध्ये ग्रीसचा पातळ थर असतो, त्यामुळे त्या रेषेवर बारीक ठिणग्या पडतात. असे बेअरिंग उघडून, ग्रीस पुसून उजेडात धरले, तर चकचकीत कपवर राखाडी, खडबडीत ठिपके ओळीने दिसतात आणि नख फिरवले की ते अडकते. हेच ठिपके पुढे वाढतात, चाक आवाज करू लागते, हब तापतो, आणि भरल्या ट्रॉलीचे चाक भर रस्त्यात जाम होते. त्या वेळी दोष ग्रीसला किंवा बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो. टिपिंग ट्रॉलीच्या (बॉडी उचलून माल ओतणाऱ्या ट्रॉलीच्या) जॅकचेही तसेच आहे: करंट सिलिंडरमधून गेला किंवा चकाकत्या दांड्यावर एक ठिणगी जरी चिकटली, तरी त्या खरबरीतपणाने सील कापले जाते आणि तेल गळू लागते.

उपाय अगदी साधा आहे. ज्या तुकड्यावर टाका मारायचा त्याच तुकड्यावर, टाक्यापासून वीतभर अंतरावर, ग्राइंडरने रंग आणि गंज काढून पांढऱ्या लोखंडावर चिमटा घट्ट लावावा. जागा बदलली की चिमटाही बदलावा. चॅनेलच्या आतून लाइटची वायर गेलेली असते. ती बाहेर ओढून घ्यावी, कारण उष्णतेने तिचे प्लास्टिक आतल्या आत वितळते आणि वरून काहीच दिसत नाही.

आगीच्या बाबतीत आपल्या भागाला विशेष जपावे लागते. ट्रॉलीच्या तळपत्र्याच्या सांध्यांत आणि कोपऱ्यांत मागच्या हंगामाची सरकी-रुई दाबून बसलेली असते. रुईला लागलेली ठिणगी लगेच ज्वाळा दाखवत नाही; ती आत धुमसत राहते आणि काम आटोपून माणसे जेवायला गेल्यावर पेटते. सांधे खरवडून, झाडून, पाण्याने धुऊन आणि वाळवूनच सुरुवात करावी, जवळ पाण्याच्या बादल्या व वाळू ठेवावी, आणि शेवटच्या टाक्यानंतर निदान तासभर तिथे कोणीतरी थांबावे. ट्रॉली कापसाच्या गंजीजवळ किंवा कुटाराच्या ढिगाजवळ उभी असेल तर आधी ती तिथून हलवावी.

टायर चढवलेल्या डिस्कला वेल्डिंग कधीही करू नये, हवा काढलेली असली तरीही नाही. तापलेल्या रबरातून आत ज्वलनशील वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. टायर पूर्ण उतरवूनच डिस्कला हात लावावा. पाट्यांवरही टाका मारू नये आणि रॉड घासून पेटवू नये. पाट्याचे पोलाद कडक केलेले असते, ते तेवढ्या जागी ठिसूळ होते आणि ओझ्याखाली तिथूनच तुटते.

तड्याचे काम करताना तड्याच्या दोन्ही टोकांना छोटे छिद्र पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने खाच करून ती पूर्ण भरावी. वरून पट्टी द्यायची असल्यास तिची टोके तिरकी कापावीत आणि चॅनेलच्या वरच्या-खालच्या काठांवर आडवा टाका घेणे टाळावे, कारण सगळा ताण त्या काठांवर येतो. टाके थोडे थोडे, जागा बदलत घ्यावेत. गरम टाक्यावर पाणी ओतण्याची सवय मात्र पूर्ण सोडावी.

उचललेल्या टिपिंग बॉडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर शिरणे जीवघेणे आहे. लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये. रॉड टेकलेला नसतानाही होल्डरवर साधारण 60 ते 80 व्होल्टचा दाब असतो, आणि घामाने भिजलेल्या कपड्यांनी लोखंडावर आडवे पडलेल्या माणसाला तो पुरेसा घातक ठरू शकतो. खाली कोरडी लाकडी फळी आणि हातात कोरडे चामडी मोजे असलेच पाहिजेत. पाहायला जमलेल्या मुलांना तेवढा वेळ घरी पाठवावे.

टाका आपोआप थंड झाल्यावर खपली काढून रेड ऑक्साइड लावावा, वायर परत बसवावी, चाके उचलून हाताने फिरवावीत आणि कुठे खरखर लागते का ते पाहावे. पहिली खेप अर्धीच भरावी. रिकामी झाल्यावर टॉर्चच्या उजेडात टाक्याच्या दोन्ही कडा तपासाव्यात. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर पुढचा माल भरू नये आणि ट्रॉली परत दुकानात आणावी.