तगरचं कापड, इटलीची वाईन

तेरला संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला सोलापूरहून खूप माणसं जातात. त्यातली बरीचशी तिथलं लामतुरे वस्तुसंग्रहालय न बघताच परततात, याची मला मनापासून हळहळ वाटते. यंदा मी अप्पांना मुद्दाम तिथं घेऊन गेले. त्यांचं सगळं आयुष्य मागावर चादरी विणण्यात गेलं, म्हणून.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथून धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोचला यायचा. माल कुठला, तर साधं कापड भरपूर आणि मलमलीचे नाना प्रकार. भडोचला बाहेरून येऊन उतरणाऱ्या मालात पहिलं नाव वाईनचं, त्यातही इटलीच्या वाईनला मागणी जास्त!

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी. इटलीत पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली अशाच घडणीची, भारतातून गेलेली हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरचा उल्लेख निघाला की अभ्यासक या दोघींना शेजारी ठेवतात. मला त्या बहिणीच वाटतात.

अप्पा मणी, मातीच्या बाहुल्या, खापरं सगळं निरखून बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, कापड कुठाय?"

कापड नाही. ज्याच्यावर शहर मोठं झालं, त्याचा धागाही उरला नाही, आणि विणणाऱ्यांची नावं तर कुणी लिहिलीच नाहीत. मला याचं फार वाईट वाटलं.

त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मात्र चुकवू नका. मागून अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर. मुळात ते बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ असावं, असं अभ्यासक मानतात.

परतताना बार्शी, वैराग करत आलो. नान्नजच्या बाजूला द्राक्षबागाच बागा. सोनाका हे वाण इथलंच. आपल्याकडची बहुतेक द्राक्षं खायला नाहीतर बेदाण्याला जातात. वाईन फार थोडी. बेदाण्याच्या एका शेडवर थांबलो. जाळ्यांवर घड पसरून ठेवलेले, वाळवण्याआधी घड ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा वास. मालक म्हणाले, या दिवसांत आभाळ आलं की झोप उडते.

तेवढ्यावरून अप्पांचं सुरू झालं. महिनाभर गाडीवर तगरचं कापड, वर ताडपत्री नाही. वाटेत भिजलं तर नुकसान कुणाच्या अंगावर, विणकराच्या की व्यापाऱ्याच्या? मी म्हटलं, व्यापाऱ्याच्या असेल. अप्पांना ते अजिबात पटलं नाही.