तुम्ही विचारलंत म्हणून: दातांच्या दवाखान्यातली असिस्टंटची (डॉक्टरांच्या मदतनीसाची) नोकरी मुलीने घ्यावी का?

बारावी झालेल्या मुलींचे आईवडील हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि पहिली चौकशी पगाराची करतात. पगार विचाराच, पण त्याआधी इन्स्ट्रुमेंट धुण्याची जागा पाहून या. असिस्टंट तिथे टिकेल की नाही, ते तिथेच कळतं.

वापरलेली इन्स्ट्रुमेंट एन्झाइमच्या पाण्यात भिजवायची, अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या यंत्रात) फिरवायची, धुऊन कोरडी करून कागदी पाउचमध्ये सील करायची आणि मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र. यंत्राप्रमाणे १२१ अंशांना १५ ते ३० मिनिटं किंवा १३४ अंशांना ३-४ मिनिटं. तापायला आणि सुकायला लागतो तो वेळ वेगळा. सेट (एका पेशंटला लागणारी इन्स्ट्रुमेंट) कमी आणि पेशंट जास्त असले की आधी सुकवणं गाळलं जातं. पाउच ओलेच बाहेर येतात आणि ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. घाईत तपासणीच्या पातळ हातमोज्यांनीच धारदार स्केलर (दातांवरचा थर खरवडायची हत्यारं) घासले जातात, बोटाला टोचतं. बोलणी असिस्टंट खाते; चूक मात्र सेट न वाढवणाऱ्याची असते. म्हणून सेट किती आणि रोजचे पेशंट किती, हे स्पष्ट विचारा. जाड रबरी हातमोजे आहेत का, तेही बघा.

हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, शिवाय वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी, ही २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे दवाखान्याची जबाबदारी आहे. हिपॅटायटिसचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी लस लागू पडली का हे कळायला रक्तातली अँटीबॉडी तपासून घ्यावी. सुई टोचलीच तर बोट पिळू नये. साबण-पाण्याने धुवावं आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावं. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण लावायला सांगत असतील, तर तिथे जाऊच नका.

असिस्टंटचं स्टूल डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा १०-१५ सेंटिमीटर उंच हवं, खाली पाय टेकायला कडी हवी. बऱ्याच ठिकाणी तिला स्टूलच नसतं. रूट कॅनाल संपेपर्यंत ती सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरून वाकून उभी असते.

वेळ बहुधा दोन पाळ्यांत, सकाळी आणि संध्याकाळी. घर लांब असेल तर दुपार प्रवासात किंवा दवाखान्यातच जाते आणि त्या वेळेचा पगार सहसा मिळत नाही.

१९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि मेकॅनिक (कवळ्या वगैरे बनवणारे) यांची नोंदणी होती, असिस्टंटची नव्हती. तेव्हा नोकरी सोडताना केलेल्या कामांची यादी असलेलं अनुभवपत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागून घ्या.