घाटाची कितवी पायरी?

शनिवार, रात्री साडेदहा

पायांत गोळे आलेत. सकाळी नागपूरहून निघालेली आमच्या आर्किटेक्चरच्या वर्गाची बस नऊच्या सुमारास पवनीत पोचली. विषय: शाश्वत नदीकाठ विकास. महिनाभर स्लाइडवर साबरमती पाहिली. दक्षिण कोरियातल्या सोलमधला, वरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ साली मोकळा केलेला चोंगेचोन ओढाही पाहिला. आता आपली वैनगंगा. माझं गाव लाखांदूर तालुक्यातलं, त्यामुळे नदीबद्दल मीच सांगायचं असं बसमध्ये ठरलं. मीही मिरवून घेतलं.

वैजेश्वर घाटावर पाणी पार खाली गेलेलं. पायऱ्यांवर धुणं, दोन म्हशी, जाळं दुरुस्त करत बसलेले एक ढिवर काका. मी तासाभरात झकास स्केच काढलं. सरळ भिंत, वर फिरायचा रस्ता, बाकं, दिवे. सरांनी एकच विचारलं, "यात निळी रेषा कुठाय?"

निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. पाठ आहे मला. काढली मात्र नव्हती. आणि मी कोण? २०२० च्या ऑगस्टअखेर पूर आला तेव्हा दोन रात्री चुलत्यांच्या माडीवर काढलेली पोरगी. कोठीतल्या धानाला कोंब फुटले होते, तो आंबूस वास अजून नाकात आहे. हातात पेन्सिल आली आणि सगळं विसरले.

मग स्केच घेऊन त्या ढिवर काकांजवळ बसले. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे बाकडं ठेवलं नं पोरी, पूर आला का तिथंच डोंगा बांधतो आमी."

आधी ते उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत डांगरवाडी, म्हणजे टरबूज-काकडीची वाडी, लावायचे. आता वाळूच उरली नाही म्हणून सोडली. आमच्या एकाही ड्रॉइंगमध्ये डांगरवाडी नव्हती. पात्राचा तेवढा भाग आम्ही निळ्या रंगाने भरून टाकला होता.

साबरमतीचं पात्र दोन भिंतींमध्ये बसवलं आणि त्यात नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडलं. घाटाला असलं काही लागत नाही. मार्चमध्ये खालच्या पायरीवर धुणं, श्रावणात तेच धुणं वरच्या पायरीवर.

जेवताना वाद झाला तो दिव्यांवरून. मी म्हटलं, आधी सांडपाणी. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते आणि पुढे सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात. पवनी त्याच्याही खाली. म्हणजे आम्ही बसने यायच्या कितीतरी आधी आमचं पाणी इथे पोचलेलं! कुणी हसलं नाही. पनीरची भाजी बरी होती.

आत्ता भिंत खोडून पायऱ्या काढतेय. वरच्या टप्प्यावरचं बाक काढलं, तिथे डोंग्यासाठी खुंटा ठेवला. पण तो टप्पा किती उंचीवर धरायचा, तेच अडलंय. उद्या परतताना बस गावाकडून न्या म्हणून सरांच्या मागे लागायचंय. माजघराच्या भिंतीवर २०२० च्या पाण्याची खूण अजून आहे, आईने त्यावर चुना मारू दिलेला नाही. नदीपासून तिथवरची उंची मोजायला लेव्हल आहेच बसमध्ये.