आयआरबीची मंजुरी आली तेव्हा टोमॅटो संपले होते

मिशिगनमधले बरेचसे शेतकरी बाजार मे ते ऑक्टोबर उघड्यावर भरतात. आमचा अभ्यास जूनमध्ये सुरू व्हायचा होता. आयआरबीची, म्हणजे विद्यापीठाच्या नीतिसमितीची, शेवटची परवानगी आली ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या शनिवारी मी बाजारात गेले, तर गाळ्यांवर लाल भोपळे आणि सफरचंदं तेवढी उरली होती. मधल्या पाच महिन्यांबद्दल मला लिहायचंय, कारण पेपरमध्ये त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं: 'या अभ्यासाला विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता होती.'

आधी थोडं विषयाबद्दल. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना किराण्यासाठी दर महिन्याला सरकारकडून कार्डावर पैसे मिळतात. योजनेचं नाव स्नॅप. २००८ मध्ये नाव बदललं, पण लोक अजून फूड स्टॅम्पच म्हणतात. मिशिगनमध्ये या कार्डाला ब्रिज कार्ड म्हणतात, त्यावर मॅकिनॉ पुलाचं चित्र असतं. त्यावर दारू-सिगारेट मिळत नाही, दुकानातलं गरम तयार जेवणही मिळत नाही. बाकी चिप्स घ्या की पालक, कार्डाला फरक पडत नाही. तो पडावा म्हणून २००९ मध्ये डेट्रॉइटच्या काही बाजारांत 'डबल अप फूड बक्स' सुरू झालं. बाजाराच्या तंबूत कार्ड घासून दहा डॉलरची टोकनं घेतली की आणखी दहाची टोकनं वर मिळायची, फक्त फळं-भाज्यांसाठी. दिवसाला वीस डॉलरपर्यंत.

अशा सवलतीने खाणं खरंच बदलतं का? मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पडेन परगण्यात २०११-१२ मध्ये सरकारनेच हे तपासून पाहिलं होतं. ७,५०० कुटुंबं सोडतीने निवडली आणि ठरावीक फळं-भाज्यांवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे ३० सेंट त्यांच्या कार्डावर परत दिले. ती मंडळी फळं-भाज्या इतरांपेक्षा सुमारे २६ टक्के जास्त खाऊ लागली. माझ्या गाईडच्या डोक्यात याच प्रयोगाची छोटी आवृत्ती होती: बाजारात येणाऱ्यांचे दोन गट करायचे, एकाला जादा टोकनं, दुसऱ्याला नेहमीचीच.

हा आराखडा घेऊन मी बाजार चालवणाऱ्या संस्थेकडे गेले. संस्था म्हणजे तीन माणसं, एक व्हॅन आणि एक तंबू. तंबू सांभाळणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, आधी शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी दुसरं पान उलटलं आणि कागद परत दिले. "शेजारशेजारच्या दोघींना मी वेगवेगळी टोकनं देऊ? आणि त्यांनी विचारलं तर काय सांगू, चिठ्ठी निघाली नाही म्हणून?"

गाईडना हे पटेना. तुलना नाही तर अभ्यास कसला, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खोटं नव्हतं. पुढच्या तीन बैठका मी दोन्हीकडचे निरोप पोचवण्यात घालवल्या. सोयरीक जुळवणाऱ्याची पायपीट तेव्हा मला पहिल्यांदा कळली.

वाट बाईंनीच काढली, तीही बोलता बोलता. म्हणाल्या, अर्ध्या लोकांना दुप्पट टोकनांचं माहीतच नसतं. आणि ज्यांना माहीत असतं, ते येतात तेव्हा कार्ड रिकामं झालेलं असतं. मिशिगनमध्ये ब्रिज कार्डावर पैसे सगळ्यांना एकाच दिवशी येत नाहीत. आपल्या लाभार्थी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे ३ ते २१ तारखेच्या मध्ये कधीतरी येतात. आणि आले की भराभर संपतात. देशभर हेच दिसतं, महिन्याच्या रकमेतला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पहिल्या दोन आठवड्यांतच खर्च होतो. बाईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. तंबूतल्या रांगेवरून त्यांना तारीख कळायची.

शेजारच्याच यिप्सिलांटीत झालेला एक अभ्यास मला आठवला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या स्नॅपधारकांना दुप्पट टोकनांची माहिती थोडक्यात समजावून सांगितली, एवढंच. योजनेचा वापर जवळपास चौपट झाला. मग आम्ही असं ठरवलं: माहिती सगळ्यांना, टोकनंही सगळ्यांना सारखी. आठवण करून देणारा फोनवरचा संदेश मात्र अर्ध्यांना कार्ड भरल्याच्या दुसऱ्या दिवशी आणि अर्ध्यांना दोन आठवड्यांनी. "चिठ्ठी तारखेची, भाजीची नाही. मग चालेल," बाई म्हणाल्या. गाईडनीही मान्य केलं, थोडं तोंड वाकडं करून. मला विचाराल तर हा प्रश्न आमच्या मूळ प्रश्नापेक्षा चांगला होता.

जून इथेच संपला. मग आयआरबी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी विद्यापीठाची नीतिसमिती. समितीबद्दल माझी मूळ तक्रार नाही. ती नसताना अमेरिकेत काय काय झालंय हे टस्कीगीचं नाव घेतलं की पुरेसं आहे: तिथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना वर्षानुवर्षं उपचारांविना ठेवून त्यांचा अभ्यास केला गेला. आणि आमच्या बाजारातली बरीच मंडळी कृष्णवर्णीय, त्यांना ते नाव माझ्याहून चांगलं माहीत. पण समितीने पाठवलेला संमतीपत्राचा नमुना सहा पानी होता आणि त्याच पत्रात सूचना होती की भाषा आठवीच्या मुलाला कळेल अशी असावी. सहा पानं वाचायला तंबूसमोर कोण थांबेल? मी दोन पानं केली. समितीने चार केली. बाईंनी ती चार पानं नातवाला मोठ्याने वाचायला लावली आणि तो जिथे अडखळला तिथे तिथे पेन्सिलीने खुणा केल्या. त्या खुणा घेऊन मी पुन्हा समितीकडे गेले, आणि गंमत म्हणजे त्या सगळ्याच्या सगळ्या मान्य झाल्या.

पुढचा खडा प्रशिक्षणाचा. संमती घेणाऱ्या प्रत्येकाने संशोधन-नीतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करायचा. माझा दोन वर्षांपूर्वीच झालेला होता. बाईंकडे संगणक नव्हता. त्या वाचनालयात जाऊन, एक तासाची वेळ लावून, तुकड्यातुकड्याने तो करत राहिल्या. आमच्या अनुदानातून त्यांच्या या तासांचे पैसे द्यावेत हे मला तेव्हा सुचलं नाही. ऑगस्टमध्ये सुचलं, तोवर अंदाजपत्रकात हलवाहलव करायला आणखी एक अर्ज लागत होता. हा दोष कुठल्या समितीचा नाही, माझा आहे.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते वीस डॉलरच्या गिफ्ट कार्डांनी. मुलाखत देणाऱ्याला मोबदला म्हणून ती द्यायची होती. विद्यापीठाच्या हिशेब खात्याने कळवलं की प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक घ्या. सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाकडे, भर बाजारात, हा क्रमांक मागायचा! लहानपणी आमच्याकडे केशरी शिधापत्रिका होती. रेशनच्या रांगेत वर्गातली मुलगी दिसली की मी पिशवी पाठीमागे धरायचे. इथे तंबूसमोर ब्रिज कार्ड तळहातात झाकून धरणाऱ्या बायका पाहिल्या तेव्हा मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. हिशेब खात्याला हे पत्रात कसं लिहायचं, ते मात्र सुचत नव्हतं. शेवटी समितीतल्याच एका सदस्याने मार्ग सांगितला. रक्कम लहान आहे, तेव्हा नावाऐवजी सहभागी क्रमांक आणि आद्याक्षरं पुरतील, असं समितीने लेखी दिलं. यात सात आठवडे गेले.

एक गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. कुणी काय विकत घेतलं हे कार्डाच्या नोंदींवरून कळेल अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. ईबीटीच्या, म्हणजे या सरकारी कार्डाच्या, व्यवहारात दुकान, वेळ आणि रक्कम उमटते, वस्तू उमटत नाही. (हॅम्पडेनमध्ये त्यासाठी दुकानांच्या बिलिंग यंत्रणेतच बदल करावे लागले होते.) म्हणजे आमच्या हाती उरली ती मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्लं याची मुलाखत. आधी माणूस आठवेल तसं सांगतो, मग विसरलेलं उकरायचं, मग वेळ, मग प्रमाण, शेवटी पुन्हा एकदा सगळं. नियमाप्रमाणे केलं तर अर्धा तास सहज जातो.

पहिली मुलाखत झाली ती पुढच्या वर्षी, मे महिन्यात. समोर तिशीतली आई, कडेवर पोर. मी विचारलं, "काल संध्याकाळी काय जेवलात?" ती म्हणाली, "मुलांनी की मी?" छापलेल्या प्रश्नावलीत हा फरक नव्हता. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी फक्त भुवई उडवली. रविवारी मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला, 'घरातल्या कुणी जेवण टाळलं का' एवढा एक प्रश्न वाढवण्यासाठी. तो अकरा दिवसांत मंजूर झाला. तोवर अर्ज लिहायला मी शिकले होते.

हंगाम पार पडला. निष्कर्ष इथे सांगत नाही, ते अजून तपासणीत आहेत आणि संख्या लहान आहे. लेखकांच्या यादीत बाईंचं नाव दुसरं आहे. यावर कुणी वाद घातला नाही, गाईडनीही नाही. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखकाची पदवी आणि विभाग भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पदवीच्या रकान्यात 'इतर' होतं. विभागाच्या यादीत तेही नव्हतं. बाईंना फोन केला, काय निवडू म्हणून. त्या तंबू घड्या करत होत्या. म्हणाल्या, यादी वाचून दाखव. मी वाचत गेले. हृदयविकार, बालरोग, सार्वजनिक आरोग्य, अर्थशास्त्र. अर्थशास्त्रावर त्यांनी मला थांबवलं.